ओंडक्यांचे घर बांधण्याआधी भिंत किती बसणार याचा हिशेब करा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जांबोटी-कणकुंबीच्या वाटेवर आणि लोंढा-खानापूर पट्ट्यात शेतघर किंवा होमस्टे म्हणून गोल ओंडक्यांचे घर बांधण्याची हौस अलीकडे वाढलेली दिसते. बहुतेक ठिकाणी सुरुवात मोबाईलवरच्या फोटोने होते. कॅनडा-नॉर्वेकडचे घर सुताराला दाखवायचे, लाकूड घ्यायचे आणि दिवाळी झाली की कामाला लागायचे. आपल्याकडचे सुतार हाताचे पक्के आहेत. चौकट, कडीपाट, जिना यांत त्यांना कुणी शिकवायला नको. पण ओंडक्यांच्या भिंतीचा स्वभाव वेगळा आहे आणि तो फोटोत दिसत नाही. ही भिंत उभी राहिल्यानंतर पुढची काही वर्षे खाली बसत जाते. याचा हिशेब नकाशातच झाला नाही, तर चांगली कारागिरीसुद्धा फुकट जाते. म्हणून या कामातले बारकावे जरा सविस्तर लिहीत आहे.

ओले लाकूड वाळताना लांबीत जवळजवळ आकसत नाही, जाडीत आकसते. आपल्या जुन्या घरांत भार तळखड्यावरच्या उभ्या खांबांवर असतो, त्यामुळे खांब वाळला तरी घराची उंची तीच राहते. ओंडक्यांच्या भिंतीत सगळे लाकूड आडवे. एकावर एक दहा ओंडके, त्यातला प्रत्येक थोडा बारीक होणार आणि वरच्या भाराने कोपऱ्याच्या खाचा दबणार. हाताने घडवलेल्या अशा घरांसाठी उत्तर अमेरिकेत जी मानके वापरतात, त्यांत ओल्या लाकडाला उंचीच्या सुमारे ६ टक्के, म्हणजे दर फुटाला पाऊण इंच बसणे धरलेले आहे. नऊ फुटांची भिंत साडेसहा इंच खाली येईल असे समजून काम करायचे. आत साडेआठ फूट उंची हवी असेल तर आज नऊ फूट बांधावी लागते.

आता या साडेसहा इंचांचे परिणाम पाहा. दार सात फुटांचे असेल तर चौकटीच्या डोक्यावर साडेपाच इंच मोकळी जागा सोडावी लागते. चार फुटांच्या खिडकीवर तीन इंच. या जागेत लोकर किंवा दबणारे दुसरे काही भरायचे आणि बाहेरून-आतून फळी लावून ती झाकायची. ही फळी फक्त वरच्या ओंडक्याला ठोकायची, चौकटीला नाही, म्हणजे भिंत खाली येईल तशी फळी चौकटीवरून सरकत येते. आपल्याकडे सर्वात जास्त चूक इथे होते. विटांच्या भिंतीत चौकट होल्डफास्टने, म्हणजे भिंतीत रुतवायच्या लोखंडी पट्टीने, पक्की करायची सवय असल्यामुळे सुतार ओंडक्यांच्या टोकांना चौकट खिळ्यांनी किंवा स्क्रूने जखडून टाकतो. मग भिंत बसायला लागली की दाराच्या शेजारचे ओंडके चौकटीवर लटकतात, बाकीची भिंत खाली जाते आणि वरच्या थरांमध्ये उजेड दिसेल एवढ्या फटी पडतात. दार अडकते ते वेगळेच. लोक म्हणतात लाकूड वाकले. लाकडाचा दोष नसतो, त्याला खाली यायला वाट ठेवलेली नसते.

योग्य पद्धत अशी. दारासाठी ओंडके कापले की त्यांच्या कापलेल्या टोकांत वरपासून खालपर्यंत दोन इंच रुंद, दोन इंच खोल उभी खोबण मारायची. त्या खोबणीत दोन बाय दोनची लाकडी पट्टी किंवा लोखंडी अँगल सैलसर बसवायचा. ओंडक्यांना तो कुठेही ठोकायचा नाही. चौकट ठोकायची ती या पट्टीला. पट्टी ओंडक्यांना आडवे हलू देत नाही, पण खाली सरकायला मोकळीक देते. पट्टीची उंचीसुद्धा उघड्या जागेपेक्षा बसण्याइतकी कमी हवी, नाहीतर तीच खांब होऊन बसते.

हाच नियम घरातल्या प्रत्येक उभ्या वस्तूला लागू होतो. पडवीचे खांब, मधल्या तुळईखालचा टेकू, आतल्या विटांच्या किंवा प्लायच्या भिंती, जिना, पाण्याचे पाइप, चुलीचा धुराडा यांपैकी काहीही बसत नाही आणि ओंडक्यांची भिंत मात्र बसते. खांबांना स्क्रू-जॅक, म्हणजे आटे फिरवून उंची कमी करता येईल असे टेकू, लागतात. हे परदेशातून मागवायची गरज नाही. बेळगावात उद्यमबागेत कुठल्याही चांगल्या लेथवर करून मिळतील. दीड इंच जाडीचा आटे पाडलेला रॉड, जाड नट, वर-खाली सहा बाय सहा इंचांच्या दहा-बारा मिलीमीटर जाड प्लेटी आणि निदान आठ इंच खेळ. जस्ताचा मुलामा करून घ्यावा. जॅक खांबाच्या डोक्यावर बसवावा, पायाशी नको. पायाशी बसवला तर आपल्या पावसात दोन वर्षांत आटे गंजून घट्ट होतात आणि मग पाना लावून काही उपयोग नाही. वर बसवलेल्या जॅकभोवती काढता येईल अशी लाकडी पेटी करावी.

जिना वरच्या तुळईला अडकवायचा आणि त्याचा पाय जमिनीवर सरकू द्यायचा. आतली भिंत वर चिकटवायची नाही, माथ्याशी सहा-सात इंच सोडून दोन्ही बाजूंनी फळीने झाकायची. वरच्या मजल्यावर जाणारा पाइप सरळ उभा नेऊन दोन्हीकडे जखडला तर पहिल्याच उन्हाळ्यात सांधा सुटतो. तिथे वळसा किंवा लवचिक नळी ठेवावी. न्हाणीघर आणि संडास मात्र ओंडक्यांच्या भिंतीला लावूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मागच्या बाजूला विटांत वेगळे बांधावे आणि दोन्हींच्या मधल्या सांध्यावर सरकणारी फळी द्यावी. रोजचे पाणी आणि ओंडक्याची भिंत यांचे जमत नाही.

छपराचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. फोटोतल्या अनेक घरांत आढे त्रिकोणी ओंडक्यांच्या भिंतीवर टेकवलेले असते. नऊ फुटांवरची वळचण साडेसहा इंच खाली येते आणि सोळा फुटांवरचे आढे साधारण एक फूट. म्हणजे छपराचा उतारच बदलतो. वासे दोन्हीकडे पक्के ठोकलेले असतील तर ते वळचणीच्या ओंडक्याला बाहेर ढकलतात. उलट आढ्याखाली उभे खांब दिले तर आढे जागच्या जागी राहते, भिंत खाली जाते आणि वासे भिंतीवरून उचलले जातात. दोन्ही प्रकारांत वाशांना वळचणीपाशी सरकणारे सांधे हवेत. एवढा खटाटोप टाळायचा असेल तर कैच्या, म्हणजे छपराचे जोडलेले त्रिकोणी सांगाडे, कराव्यात. कैची सगळ्या बाजूंनी सारखीच खाली येते, उतार बदलत नाही आणि आपल्या सुतारांना ती पाठ आहे. पहिलेच घर असेल त्याने कैचीच करावी.

आता पाऊस. बेळगाव शहरात वर्षाला साधारण १२०० ते १३०० मिलीमीटर पाऊस पडतो. कणकुंबी-आमगावकडे त्याच्या कित्येक पट पडतो आणि अथणीकडे जेमतेम पाच-सहाशे. एकच नकाशा या तिन्ही ठिकाणी चालणार नाही. लाकडातले पाणी २० टक्क्यांच्या वर टिकून राहिले की बुरशी लागते. हवेत ९० टक्के आर्द्रता असेल तर उघड्यावरचे लाकूड हवेतूनच २० टक्क्यांच्या आसपास पाणी घेते. म्हणजे कणकुंबीच्या श्रावणात लाकूड आधीच उंबरठ्यावर असते, त्यावर झडीचे पाणी पडले की ते पलीकडे जाते. एप्रिलमध्ये कोरड्या पट्ट्यात आर्द्रता ३० टक्क्यांवर आली की तेच लाकूड ६ टक्क्यांपर्यंत सुकते. भिंत दरवर्षी फुगते आणि आकसते. हे थांबवता येत नाही, भिंतीवर पाणी पडू न देणे मात्र आपल्या हातात आहे.

त्यासाठी वळचण खानापूर भागात चारही बाजूंना निदान चार फूट बाहेर हवी. पश्चिमेला आणि नैर्ऋत्येला आठ फुटांची पडवीच काढावी. आपल्या जुन्या घरांना पडवी आणि सोपा उगीच नव्हता. फोटोतली घरे बर्फाच्या प्रदेशातली असतात, तिथे दीड-दोन फुटांची वळचण चालून जाते. छपराचा उतार कौलांना ३५ अंशांच्या खाली नको. उदाहरणादाखल २० बाय २४ फुटांचे घर घेतले, वळचण चार फूट आणि उतार ३५ अंश धरला, तर छप्पर सुमारे ११०० चौरस फूट होते. मंगलोरी कौले फूटतूट धरून १७०० लागतात आणि त्यांचे वजन साडेचार टनांच्या आसपास जाते, भिजल्यावर त्याहून जास्त. हे वजन ओंडक्यांच्या भिंतीला मानवते. भार असला की थर एकमेकांवर नीट दबतात. पत्र्याचे हलके छप्पर घातले तर भिंत तितकी घट्ट बसत नाही आणि वादळात उचलले जाण्याची भीतीही राहते. पत्राच घालायचा असेल तर वळचणीच्या ओंडक्यापासून जोत्यापर्यंत चारही कोपऱ्यांत आरपार बोल्ट द्यावेत आणि भिंत बसेल तसे ते आवळत राहावेत.

रशियातल्या ओनेगा सरोवरातल्या किझी बेटावर १७१४ सालचे बावीस घुमटांचे पाइनच्या ओंडक्यांचे चर्च आजही उभे आहे. त्याच्या घुमटांखालच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या छपरांकडे नीट पाहिले तर कळते की त्या सुतारांनी निम्मे डोके पाणी बाहेर फेकण्यातच खर्च केले होते.

जोते निदान दोन फूट, जांबोटीच्या पुढे तीन फूट. पागोळ्यांचे पाणी अंगणात आपटून फूट-दीड फूट वर उडते आणि कुजण्याची सुरुवात नेमकी खालच्या ओंडक्यापासून होते. पागोळ्या पडतात त्या रेषेत दोन फूट रुंद खडीचा पट्टा घालावा, शहाबादी फरशी किंवा कोबा घालू नये. पन्हळ लावली तरी हा पट्टा हवाच, कारण जंगलालगतच्या घराची पन्हळ पाचोळ्याने तुंबते. खालचा ओंडका जोत्याच्या बाहेर अर्धा इंच आलेला असावा आणि त्याच्या खालच्या कडेला पाणी तोडणारी बारीक खाच असावी. ओंडका जोत्याच्या आत घेतला तर जोत्याच्या माथ्यावर पाणी साचून ते थेट लाकडाखाली जाते. निपाणी-चिक्कोडी-अथणीच्या काळ्या जमिनीत पायाचा विचार वेगळा करावा लागतो. ती माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिथे मुरूम भरून किंवा अंडर-रीम्ड पाइल (जमिनीत खोल नेलेले, खाली फुगीर केलेले काँक्रीटचे खांब) घेऊन पाया करावा आणि त्यासाठी अभियंत्याचा सल्ला घ्यावाच.

वाळवीचा बंदोबस्त पाया भरतानाच व्हायला हवा, घर झाल्यावर होत नाही. भारतीय मानक आयएस ६३१३ प्रमाणे जोत्याच्या भरावावर दर चौरस मीटरला ५ लिटर आणि पायाच्या उभ्या बाजूंना दर चौरस मीटरला साडेसात लिटर औषधाचे पाणी द्यायचे असते. मजूर बादलीने शिंपडून मोकळे होतात. किती चौरस मीटर आणि किती लिटर हे मोजून घ्या. त्याशिवाय जोत्याच्या माथ्यावर सगळीकडून दोन इंच बाहेर येऊन खाली वळलेली जस्ताच्या पत्र्याची पट्टी द्यावी. वाळवी तिने मरत नाही, पण तिला पट्टीवरून वळून मातीची नळी बांधावी लागते आणि ती डोळ्यांना दिसते. म्हणून जोत्याला टेकून सरपण, फुलझाडांच्या कुंड्या, पायऱ्यांची माती असे काही ठेवू नये. जोत्याची कड चारही बाजूंनी चालत फिरून पाहता आली पाहिजे.

लाकूड कोणते? निलगिरी स्वस्त आणि सरळ मिळते, पण भिंतीसाठी ती घेऊ नका. तिच्या अंगात वाढीचा ताण असतो, कापली की टोके फाटतात, वाळताना पिळते आणि फार आकसते. सुरू बारीक आणि चिरणारी. सिल्व्हर ओक सरळ असतो, हलका असतो, औषध चांगले पितो, पण औषधाविना टिकत नाही. साग सर्वांत उत्तम. तो कमी आकसतो आणि त्याच्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही. पण सालीलगतचे पांढरे लाकूड सागाचे असले तरी किडे खातातच. कोवळ्या लागवडीच्या सागात पांढराच भाग जास्त असतो, तेव्हा नाव साग आहे म्हणून निर्धास्त राहू नये. आयात केलेला न्यूझीलंडचा पाइन औषध उत्तम शोषतो, उघडा मात्र लवकर कुजतो. सगळे घर सागाचे परवडत नसेल तर खालचे तीन थर सागाचे आणि वर औषध दिलेले हलके लाकूड, हा चांगला मार्ग आहे. फक्त एक पथ्य पाळा. एका थरातले चारही ओंडके एकाच जातीचे आणि सारख्याच वाळलेले हवेत. पूर्वेची भिंत सागाची आणि उत्तरेची पाइनची असे केले तर दोन भिंती वेगवेगळ्या बसतात आणि कोपऱ्याच्या खाचा उघडतात.

प्रत्येक ओंडका बारीक टोकाला आठ इंचांपेक्षा कमी नको आणि दहा फुटांत एक-दीड इंचाहून जास्त निमुळता नको. पीळ तपासायला विसरू नका. साल काढलेल्या ओंडक्यावर उजव्या हाताचा पंजा शेंड्याकडे बोटे करून ठेवा. बारीक चिरा अंगठ्याच्या दिशेने वळत असतील तर तो डावा पीळ. असे लाकूड वाळताना फार वळते. ते भिंतीत घालू नये, जोत्यावर सर्वात खाली ठेवायच्या, उभ्या चिरलेल्या अर्ध्या ओंडक्यांना किंवा फळ्यांना वापरावे.

किती लाकूड लागेल? वरच्याच २० बाय २४ च्या घराला सरासरी एक फूट जाडीचे ओंडके घेतले, तर खालच्यावर नीट बसावा म्हणून ओंडक्याच्या पोटाला लांब चर मारल्यावर प्रत्येक थर पावणेअकरा-अकरा इंच चढतो. नऊ फुटांना दहा थर, म्हणजे चाळीस ओंडके. कोपऱ्याबाहेर एकेक फूट टोक धरून वीस ओंडके २२ फुटांचे आणि वीस २६ फुटांचे. एकूण ९६० फूट लांबी, सुमारे ७५० घनफूट लाकूड. व्यापारी घेराचा चौथा भाग घेऊन मोजतात. त्या मापाने हेच लाकूड ५९० घनफुटांच्या आसपास भरते. भाव कोणत्या मापावर सांगितला आहे हे आधी विचारा, कारण फरक एकवीस टक्क्यांचा आहे. यात आढे, कैच्या, पडवी धरलेली नाही आणि दहा टक्के जास्तीचे लाकूड वेगळे. ओला २६ फुटी ओंडका जड जातीचा असेल तर सहाशे किलोपर्यंत भरतो. माणसांनी तो उचलायचा नाही. हायड्रा क्रेन किंवा चेन-पुली लागते आणि क्रेनला चिखलात उभे राहता येत नाही, हेही वेळापत्रकात धरा.

तोड मार्गशीर्ष-पौषात करावी. त्या दिवसांत किडे कमी असतात, लाकूड सावकाश वाळते, कमी फाटते. साल ताबडतोब काढावी, कारण किडे सालीखालीच अंडी घालतात. बोरिक आम्ल आणि टाकणखार यांचे एकास दीड प्रमाणातले मिश्रण पाण्यात पाच-सहा टक्के करून ओल्या लाकडालाच द्यायचे असते. ते लाकडातल्या पाण्यातून आत पसरते. वाळलेल्या लाकडावर फासले तर वरच राहते. दिल्यावर काही आठवडे ताडपत्रीने झाकून ठेवावे. हे औषध पावसात धुऊन जाते, म्हणून छपराखालच्या भिंतीलाच ते उपयोगी. खालच्या थरांना आणि पडवीच्या खांबांना दाबाखाली भरलेले तांबे-क्रोमियम-आर्सेनिकचे औषध वापरले असेल तर त्याचे तुकडे चुलीत किंवा बंबात घालू नका, धूर आणि राख दोन्ही विषारी असतात. काजूच्या टरफलांचे तेल आपल्या भागात सहज मिळते आणि ओंडक्याच्या खालच्या बाजूला ते चांगले काम करते, पण अंगावर उडाले तर कातडी भाजते. हातमोजे घालूनच लावावे.

लाकूड किती वाळले हे ठोकून आवाजावर ठरवू नये. ओंडक्याच्या टोकापासून दोन फूट सोडून एक चकती कापा, तोलून घ्या, १०३ अंश सेल्सिअसच्या भट्टीत वजन स्थिर होईपर्यंत सुकवा आणि पुन्हा तोला. पाचशे ग्रॅमची चकती चारशे ग्रॅम झाली तर पाणी २५ टक्के. ही चाचणी कुठल्याही अभियांत्रिकी महाविद्यालयात करून मिळेल. ओल मोजायच्या पिनांच्या यंत्रावर एक फूट जाडीच्या ओंडक्याचे पोट कळत नाही, ते फक्त वरची कातडी मोजते. वाळलेले लाकूड घेतले तर बसणे कमी होते, शून्य होत नाही. म्हणून जॅक आणि मोकळ्या जागा तरीही हव्यात.

घडणीचे काम संयमाचे आहे. ओंडका जागेवर चढवून आधी कोपऱ्यांत कच्ची खाच मारायची. थरागणिक बुडखा आणि शेंडा आलटून-पालटून ठेवायचा, म्हणजे भिंतीची वरची रेघ पातळीत राहते. मग पातळी दाखवणारे दोन बुडबुडे असलेल्या कंपासने खालच्या ओंडक्याचा उंचसखलपणा वरच्यावर उतरवायचा. कंपास सबंध लांबीत जराही कलला तर रेघ खोटी येते आणि ती चूक लाकूड खाली बसवल्यावरच दिसते. कंपासची मापे पूर्ण ओंडकाभर एकच ठेवायची. मग ओंडका उलटा करून खालच्या बाजूने चर कोरायचा. चर निदान अडीच इंच रुंद हवा, खोली ओंडक्याच्या जाडीच्या चौथ्या भागापेक्षा जास्त नको. कडा रेघेवर तंतोतंत आणि पोट थोडे पोकळ. त्या पोकळीत धनगरांकडची जाडीभरडी लोकर टाकणखाराच्या पाण्यातून काढून, वाळवून भरावी. तिला कसर लागत नाही. ओल्या लाकडात सुरुवातीला भार कोपऱ्याच्या खाचांवर असावा आणि लांब चरात सुतभर फट ठेवावी. सगळे पहिल्याच दिवशी घट्ट बसवले तर लाकूड वाळल्यावर भार चरावर जातो आणि खाचा सैल होतात.

प्रत्येक ओंडक्याच्या माथ्यावर, वरच्या ओंडक्याच्या चराखाली लपेल अशी, जाडीच्या चौथ्या भागाइतकी खोल करवतीची चीर मारावी. लाकूड वाळताना भेग पडणारच. चीर असली की ती तिथेच पडते, बाहेरच्या अंगाला पडत नाही. बाहेरची भेग वरच्या तोंडाची असेल तर तिच्यात पाणी साचते. अशा भेगांत फेव्हिकॉल-भुसा किंवा सिमेंट भरण्याची पद्धत फार नुकसान करते. सिमेंटमागे ओल अडकते आणि आतून लाकूड मऊ होते. वार्निशचा काचेसारखा थरही नको, तो उन्हाने तडकतो आणि त्याखाली पाणी शिरते. रंगद्रव्य घातलेले जवसाचे तेल दोन-तीन हात द्यावे आणि पश्चिमेच्या भिंतीला ते दर दोन-तीन वर्षांनी द्यावे. तेलात भिजलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नयेत, ती आपोआप पेट घेतात. उन्हात पसरून वाळवावीत.

विजेच्या वायरींची भोके थर चढतानाच मारावी लागतात. एक-सव्वा इंचाचे उभे भोक प्रत्येक ओंडक्यात जुळवून घ्यायचे. म्हणजे कुठे बटण, कुठे दिवा, हे पहिला ओंडका ठेवण्याआधी ठरलेले हवे. नंतर भिंतीवर पट्टी ठोकून वायर फिरवली तर ती बसणाऱ्या भिंतीबरोबर ताणली जाते.

कागदपत्रांचे थोडक्यात. शेतजमिनीवर व्यावसायिक होमस्टे काढायचा तर कर्नाटक जमीन महसूल कायदा १९६४ च्या कलम ९५ खाली बिगरशेती करून घ्यावी लागते. स्वतःच्या रानातले झाड तोडायलाही १९७६ च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे परवानगी लागते. निलगिरी, सुरू, सिल्व्हर ओक अशा काही झाडांना सूट आहे, तरी वन कार्यालयातून लेखी घेतलेले बरे. चंदगडकडून सीमा ओलांडून लाकूड आणायचे तर वाहतूक परवाना आणि गाडीतला माल जात, संख्या, घेर यांत तंतोतंत जुळला पाहिजे. भीमगड अभयारण्याच्या संवेदनशील क्षेत्रात जागा येते का, हे विसार देण्याआधीच पाहावे.

वेळेचे गणित सरळ आहे. एका थंडीत तोड, पावसाळाभर शेडमध्ये जमिनीपासून दीड फूट उंच घडवंचीवर फटी ठेवून रचलेले लाकूड, पुढच्या कार्तिकात घडण आणि मिरगाआधी कौले. छप्पर मिरगाआधी होणार नाही असे फाल्गुनात दिसले तर भिंत चढवू नये, लाकूड शेडमध्येच राहू द्यावे. कॅनडात तर सगळे घर आवारात घडवतात, ओंडक्यांना नंबर घालून उतरवतात आणि जागेवर नेऊन पुन्हा रचतात. कणकुंबीच्या घराची घडण चिक्कोडीकडच्या कोरड्या हवेत करून नंतर हलवणे आपल्यालाही शक्य आहे, आणि ओलीचा विचार केला तर ते शहाणपणाचे ठरेल.

ठेकेदाराशी करार करताना या गोष्टी लेखी घ्याव्यात: भिंत किती टक्के बसेल असे धरले आहे, प्रत्येक दार-खिडकीवर किती इंच जागा सोडली आहे, किती जॅक बसणार आणि कुठे, लाकडातल्या पाण्याची चकतीवर घेतलेली टक्केवारी, औषधाचे नाव आणि प्रमाण. जो ठेकेदार पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे आकड्यांत देऊ शकत नाही, त्याला हे काम देऊ नये. आपल्या भागातल्या सुतारांसाठी तालुक्याच्या ठिकाणी कुणी चार दिवसांचे प्रात्यक्षिक ठेवले, एका आठ बाय आठच्या खोलीचे तीन थर जरी त्यांच्याकडून घडवून घेतले, तरी बरेच नुकसान टळेल. आपल्या दैनिकाने त्यासाठी पुढाकार घ्यावा, ही विनंती.

घर ताब्यात घेताना जॅक फिरवण्याचे काम कुणाचे, हेही ठरवून घ्यावे. पहिले वर्षभर दर महिन्याला, पुढे दर तीन महिन्यांनी, असे निदान पाच वर्षे. प्रत्येक खांबापाशी भिंतीवर पेन्सिलची खूण करून ती किती खाली आली ते मोजायचे आणि सगळे जॅक तेवढेच उतरवायचे. एक विसरला तर त्या खांबावर तुळई उचलली जाते. तारीख आणि माप लिहायला मीटरच्या पेटीशेजारी एक वही आणि त्या मापाचा पाना दोरीने बांधून ठेवावा.

आपला,
लाकूडकामाचा एक जाणकार वाचक
खानापूर, जि. बेळगाव